कानाला न टेकलेला हात

हिराचा हात त्या दिवशी कानाला टेकला नव्हता. सोळा वर्षं हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

संपादकांनी मागितले होते ते आश्रमशाळेतल्या मास्तराचे गमतीचे अनुभव. गमती पुष्कळ आहेत, त्या येतीलच. पण कागद पुढे ओढला की पहिली ओळ हीच येते. तीन वेळा खोडली, चौथ्यांदा राहू दिली.

बाहेरच्या वाचकाला आधी हाताचं आणि कानाचं प्रकरण सांगायला हवं. मी पेठ तालुक्यातल्या एका निवासी शाळेत चौदा वर्षं होतो. शिकवायला खेळ आणि भूगोल, आणि सर्वांत धाकटा म्हणून माझ्या गळ्यात जनरल रजिस्टर. या रजिस्टरात मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख एकदा शाईने उतरली, की ती जन्मभराची. दाखला, नोकरी, निवृत्ती, सगळं त्या एका ओळीवरून निघतं. आणि पाड्यावर जन्मतारीख कोणाला ठाऊक असते? पोर दाईच्या हातावर झालेलं, नोंद कुठे नाही. मग शाळेची एक जुनी रीत होती. मुलाला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. बोटं कानाला लागली तर मूल सहा वर्षांचं. साल वजाबाकीने काढायचं आणि तारीख लिहायची एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून एक जून. आमच्या रजिस्टरात पानंच्या पानं एक जूनला जन्मलेली होती. आमचे मुख्याध्यापक भामरे सर स्वतः एक जूनचे. म्हणून तर आपल्याकडे एकतीस मेला गावोगाव मास्तरांचे निरोप समारंभ होतात आणि त्या दिवशी बाजारात हार मिळत नाही.

प्रवेशाच्या दिवशी जे संवाद व्हायचे, ते ऐकायला बाहेरचा माणूस हवा होता. एका म्हाताऱ्याने नातवाला आणलं. मी विचारलं, "जन्म कधीचा?"

"वाघानं काबरी शेळी नेली ना, त्या साली."

"पण कोणत्या साली नेली?"

"ते वाघाला विचार."

आमच्याकडे अहोजाहो नाही. मास्तरालाही 'तू' आणि साहेब आला तर त्यालाही 'तू'. सुरुवातीला राग यायचा. नंतर त्यातली माया कळली, आणि आता नाशकात कोणी 'सर, आपण' म्हणालं की उगाच परकं वाटतं.

तर हिरा. त्र्याण्णवच्या जूनमध्ये सोमा तिला खांद्यावर बसवून घेऊन आला. सोमा वर्षातले सात महिने बायकोसह जगायला जायचा. मजुरीला बाहेरगावी जाण्याला तिकडे 'जगायला जाणं' म्हणतात. तो जायचा वीटभट्टीवर.

"गुर्जी, ठेव ना पोरीला. भट्टीवर कुठं ठेवू? मागल्या साली पाय भाजला तिचा."

खरंच घोट्यापाशी डाग होता. मी विचारलं, "जन्म कधीचा?"

सोमा हसला. त्याला नेमकं सांगता येत होतं, याचा त्याला आनंद झाला होता. "या शाळंचा स्लॅब पडला ना, त्या दिवशी. मी वर घमेली देत होतो. खालून सांगावा आला, पोरगी झाली. गवंडी म्हणला, जा घरी. पण स्लॅब सोडून कसा जाऊ? दिवस मावळता गेलो."

आता ऐका. तो स्लॅब कधी पडला हे मला माहीत होतं. पाण्याची टाकी धुवायला मी गच्चीवर जायचो. टाकीच्या कट्ट्याजवळ, ओलं सिमेंट असताना गवंड्याने बोटाने तारीख लिहून ठेवली होती. डिसेंबर अठ्ठ्याऐंशी. म्हणजे पोरगी साडेचार वर्षांची. पहिलीत घेता येत नव्हती.

तरी मी तिला उभं केलं. तिने हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या वर दोन अंगुळं थांबली. ती ताणून पाहत होती, जीभ बाहेर काढून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हळूच कलती केली. बोटं कानाला लागली. "टेकला," मी म्हणालो, आणि लिहिलं: एक जून एकोणीसशे सत्त्याऐंशी.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती दया होती. भाजलेला पाय बघून केलं. दया होतीच. पण पहिलीचा पट एकोणचाळीस होता. चाळीस भरले नाहीत तर तुकडी जाणार, आणि तुकडी गेली की सर्वांत धाकटा शिक्षक अतिरिक्त ठरणार. तो धाकटा मी. माझं लग्न ठरलेलं होतं. दयेचा हात आणि पटाचा हात एकच होता, आणि तो पोरीच्या डोक्यावर होता.

पुढे पाच वर्षांनी जिल्ह्यावरून खेळाच्या साहित्याची पेटी आली. तीत एक फुटबॉल निघाला. मला फुटबॉल येत नव्हता. नाशिकच्या जुन्या बाजारातून नियमांची पुस्तिका आणली, रात्री वाचायचो, सकाळी शिकवायचो. मैदान म्हणजे कापणी झालेलं भाताचं खाचर, एका अंगाला उतार. चेंडू उतारावरून ओढ्यात गेला की खेळ थांबायचा. मुलींना लय आवडला. सगळ्यांना पळायचं होतं, गोलात उभं राहायचं नव्हतं कोणालाच. मग वर्गातल्या सर्वांत लहान पोरीला ढकलायच्या. सर्वांत लहान हिरा. दीड वर्षाने लहान, हे फक्त मला ठाऊक.

म्हणजे तिला गोलकीपर मीच केलं, असं म्हणता येईल.

पण ती जी उभी राहिली! तिच्याकडे एक उपजत गोष्ट होती. चेंडूकडे न पाहता ती मारणारीच्या कमरेकडे बघायची. "पाय खोटं बोलतंय गुर्जी, कंबर नाय बोलत." हे तिला मी शिकवलेलं नाही. नाशिकला जिल्ह्याच्या निवडीत तिने एकही गोल होऊ दिला नाही. निवडणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही कोणाकडे शिकली?" मी म्हणालो, "उताराकडे." त्या हसल्या. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

दोन हजार दोनमध्ये ती राज्याकडून खेळली, आणि मग देशाच्या पंधरा वर्षांखालच्या संघाच्या शिबिराचं पत्र आलं. अट अशी: जन्म एक जानेवारी अठ्ठ्याऐंशीनंतरचा हवा. रजिस्टरप्रमाणे ती सात महिन्यांनी मोठी. खरी ती जवळजवळ एक वर्षाने लहान. फुटबॉलमध्ये लोक वय चोरतात ते कमी करून; माझ्या खेळाडूचं वय मीच वाढवून ठेवलेलं!

रजिस्टरातली तारीख बदलायची सरळ वाट होती. पालकाचा अर्ज, पुरावा, वरच्या कार्यालयाची मंजुरी. पण तिथे पहिला प्रश्न आला असता, मुळात चुकलं कसं? मी वाट सोडून दिली. कोऱ्या बोनाफाईडवर अठ्ठ्याऐंशी साल लिहिलं आणि भामरे सरांच्या सह्यांच्या ढिगात सरकवलं. तेही कसं लिहिलं असेल? एक जून एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. खरं लिहायला बसलो तरी हात वळणावरच गेला. त्या कागदावरून पुढचे सगळे कागद झाले, पासपोर्टसुद्धा.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत परदेशात ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. हिराचं दहावीचं वर्ष. आमच्या मुली एकेक सामना काढत अंतिम सामन्यात पोचल्या. उपांत्य सामना शून्य-शून्य, आणि पेनल्टीत हिराने तीन अडवल्या. वर्तमानपत्रात फोटो आला, तो शाळेच्या दारावर खळीने चिकटवला. अंतिम सामना सरकारी वाहिनीवर दाखवणार, असं कळलं. सरपंचांनी पेठहून मोठा टीव्ही आणि डिश आणायचं ठरवलं. सोमाला भट्टीवर निरोप गेला.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिसातला फोन वाजला. संघाच्या मॅनेजर बाई होत्या. आवाज फार लांबून, मध्ये मध्ये तुटत. हरलेल्या संघाने तक्रार केली होती. त्यांच्यातल्या कोणीतरी आमची यादी नीट वाचली होती: भारताच्या सहा मुली महिन्याच्या एक तारखेलाच जन्मलेल्या. हे कसं?

कसं ते मला माहीत होतं. आमच्याकडे एक जून, आणखी कुठे एक जानेवारी, कुठे एक जुलै. प्रत्येक ठिकाणी एकेक मास्तर असणार, माझ्यासारखा.

"सर, घाबरायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "सहाही शाळांकडून मूळ रजिस्टरचा उतारा मागवलाय. उद्या दुपारी दोनपर्यंत फॅक्स करा. चार वाजता सामना आहे. हिरा तुमची फार आठवण काढते. बोलता?"

मी म्हणालो, "नको, तिला विश्रांती घेऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी भामरे सरांनी रजिस्टर उघडलं. ते सटाण्याकडचे, भांबावले की अहिराणीत शिरायचे. एका हातात बोनाफाईडची कार्बन प्रत, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. "मास्तर, हाई काय शे? इथं सत्त्याऐंशी, तिथं अठ्ठ्याऐंशी. अन् सही माझी!"

त्यांनी कार्बन प्रत माझ्यापुढे धरली.

"तुम्ही लिहिलं?"

"हो."

"का?"

तेव्हा मला सांगता आलं असतं. सर, सत्त्याऐंशी खोटं आहे. खरी तारीख आपल्या गच्चीवर आहे, चला दाखवतो. उताऱ्यासोबत तसं लिहून देऊ, फोटो काढून जोडू, दाई जिवंत आहे, तिचा अंगठा घेऊ. मान्य झालं असतं की नाही, माहीत नाही. पण पोरीच्या बाजूने एक कागद तरी गेला असता. मी "आलोच" म्हणून बाहेर पडलो आणि शिडीने गच्चीवर गेलो. तारीख होती तिथेच होती. शेवाळ सुकून काळं झालेलं, मी नखाने खरवडलं. खाली मैदानात सरपंचांची माणसं डिशची दिशा लावत होती. "अजून डावीकडं! अरे तुझं डावं नाय, माझं डावं!"

मी तिथे उभा राहून काय विचार केला ते लिहितो, कारण तेच लिहायला बसलोय. मी विचार केला की खरं सांगितलं तर दोन गुन्हे निघतील. एक पट भरण्यासाठी केलेला खोटा प्रवेश, दुसरा खोटा दाखला. नोकरी जाईल. नाशिकला बदलीचा माझा अर्ज वर गेलेला होता, मुलगी शाळेत घालायची होती. आणि न सांगितलं तर एकच गुन्हा उरतो, आणि त्याला दुसरा मालक सापडू शकतो.

तो मालक भामरे सरांनीच काढून दिला. मी खाली आलो तेव्हा ते घाम पुसत होते. "हे बघा, बापाने तोंडी सांगितलं म्हणून दाखला दिला, असं लिहा. अडाणी माणूस, त्याला कोण काय करणार? तुम्ही वाचता, मीही वाचतो."

मी लिहिलं. "दाखल्यावरील जन्मतारीख पालकांनी दिलेल्या तोंडी माहितीवरून नमूद करण्यात आली. मूळ रजिस्टरमधील नोंद सोबत जोडली आहे." माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी जरा जास्तच चांगलं आलं.

मोटरसायकलने पेठला गेलो. फॅक्सची सोय एकाच एसटीडी बूथवर होती आणि वीज नव्हती. भारनियमन. साडेअकरा, बारा, साडेबारा. मी बाकावर बसून घड्याळ बघत होतो. कागद खिशात, घामाने ओला व्हायला लागला म्हणून रुमालात गुंडाळला. वीज आलीच नाही तर? दोन वाजून गेले तर? मग काय करतील, खेळू देतील की नाही देणार? माझा काही निर्णयच उरणार नाही. मी वीज येऊ नये म्हणून देवाला हात जोडले, आणि लगेच वाटलं, उतारा गेलाच नाही तरी तिला बाहेर बसवतील, मग वीज यावी म्हणूनही जोडले. एक वाजून वीस मिनिटांनी पंखा फिरला.

रांगेत सातआठ माणसं होती. बूथवाल्याने मला पाहिलं आणि सगळ्यांना हाताने बाजूला केलं. "हटा रे, आपल्या हिराचे कागद हायेत! गुर्जी, आधी तुमचं." लोकांनी वाट दिली. एकाने पाठ थोपटली. मशीनने कागद ओढायला सुरुवात केली, आणि अर्धा आत गेला तेव्हा माझा हात पुढे झाला होता. तो मी मागे घेतला.

शाळेत परतलो तर आवार भरलेलं. मुली पाटीवर खडूने हिराचं नाव लिहून बसलेल्या. सोमा भट्टीवरून आला होता, केसांत अजून लाल धूळ. सरपंचांनी त्याला ऑफिसातली हाताची खुर्ची दिली होती आणि तो तिच्या अगदी कडेवर बसला होता. मला पाहून म्हणाला, "गुर्जी, तू इथं बस माझ्याशेजारी. तूच तर केलंस सगळं."

मी शेजारी बसलो.

चार वाजता संघ मैदानात आले. कॅमेरा एकेका मुलीवरून सरकत गेला. गोलकीपरच्या जर्सीत दुसरीच पोरगी होती, उंच, गोरी. आवार कुजबुजलं.

"हिरा कुठं हाय?" सोमाने विचारलं.

"दिसेल."

"ती तर गोलात असती ना?"

"लागलं असेल काही. आराम दिला असेल."

"लय लागलं असंल?"

"नाही रे. थोडं."

त्याने मान हलवली आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून उरलेला सगळा सामना तिला बघत राहिला. खेळ नाही बघितला त्याने. कॅमेरा कडेला गेला की पुढे झुकायचा. एकदाही ती दिसली नाही. नंतर कळलं, तिला राखीव बाकावरही बसू दिलं नव्हतं. हॉटेलच्या खोलीत एका बाईंसोबत ठेवलं होतं.

आपण एक-शून्य हरलो. शेवटच्या दहा मिनिटांत डावीकडून चेंडू आला आणि ती उंच पोर चुकीच्या बाजूला झेपावली. गावातले लोक अजून म्हणतात, हिरा असती तर अडवलाच असता, तिने कंबर पाहिली असती. मला माहीत नाही. गोल झालाही असता कदाचित. पण तो तिच्यावर व्हायला हवा होता.

दोन वर्षांची बंदी आली. वर्तमानपत्रात चार ओळी: वयाची लपवाछपवी, पालकांची चुकीची माहिती. दारावरचा फोटो कोणी काढला ते कळलं नाही. चिकटवल्याचा पांढरा चौकोन उरला. सोमाला बाजारात लोक म्हणायचे, "काय रे, पोरीचं वय खाल्लंस व्हय?" तो माझ्याकडे आला. मला वाटलं, आता विचारणार. त्याने पिशवीतून नागलीच्या भाकरी काढल्या, माझ्यासाठी आणलेल्या, आणि म्हणाला, "माझंच सांगताना चुकलं असंल गुर्जी. तुझं नाव उगाच खराब झालं."

मी भाकरी घेतल्या.

हिरा परीक्षेला परत आली. शेवटच्या पेपरनंतर ऑफिसच्या दाराशी उभी राहिली. आत आली नाही. "गुर्जी, एक इचारू? मी खरंच किती वर्साची हाय?"

मी म्हणालो, "रजिस्टरात आहे तेवढी."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत नाही, जरा खाली, कमरेकडे. मग गेली. बंदी संपली तेव्हा ती खेळायला आली नाही. कोणी बोलवायलाही गेलं नाही. मी तोवर बदली होऊन नाशकात होतो.

गेल्या वर्षी पेठच्या बाजारात भेटली. अंगणवाडीत मदतनीस आहे. कागदाने एकवीस, खरी वीसचीसुद्धा व्हायची होती. काखेत वही होती. मी विचारलं, कसली? "पाड्यावर पोर झालं का त्याच दिवशी लिहिते. वार, तारीख, येळ. सेविकाबाई हसतात." मग म्हणाली, "एक जूनवाले लय झाले ना गुर्जी."

तिला कळलंय का? ती हसत होती. मला नीट झोप लागत नाही ती तेव्हापासून.

आता हे छापून येईल. भामरे सर निवृत्त झाले, अर्थात एकतीस मेलाच. त्यांना त्रास होऊ नये, कागद मी लिहिले होते. माझी चौकशी लागली तर लागेल, एकोणीस वर्षांची नोकरी आहे, जायची तर जाईल. परवा त्या शाळेत जाऊन आलो. गच्चीवर नवीन पत्रे टाकायचं चाललंय, टाकीचा कट्टा फोडणार आहेत. मुकादमाला सांगून आलोय, आठ दिवस थांब. फोटो काढलाय, दाईचा अंगठा घेतलाय. तारीख दुरुस्तीच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार आहे. सही माझी व्हायची आहे. सोमा भट्टीवर आहे, तिथवर जायचं आहे आणि हे त्याच्या तोंडावर सांगायचं आहे.

सोमाची माफी आणि हिराचं दीड वर्ष, एवढं मी देणं लागतो. अंतिम सामना मला परत देता येणार नाही.